नडगीतला रॉड आणि घोट्याची प्लेट: काढायची की राहू द्यायची?

सायली_प:
भावाच्या उजव्या नडगीत इंटरलॉकिंग रॉड (हाडाच्या पोकळीत घालून आडव्या स्क्रूंनी अडकवलेला) आहे आणि बाहेरच्या घोट्यावर, फिब्युलाला म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाला, सहा भोकांची लॉकिंग प्लेट (हिच्या भोकांतल्या आट्यांत स्क्रूचं डोकं घट्ट बसतं). दोन्ही टायटॅनियमचे, घालून 22 महिने झाले. वय 34, साखर नाही, तंबाखू नाही. चालताना त्रास नाही. पण उकिडवं बसलं किंवा गुडघा टेकला की वाटीच्या खाली दुखतं, आणि बुटाची कड प्लेटवर घासून कातडी लाल होते. एक सर्जन म्हणतात दोन्ही काढा, दुसरे म्हणतात हात लावू नका. घरच्यांना धातू आत गंजेल अशी धास्ती आहे. काय बघून ठरवायचं?

हाडवैद्य_नव्हे:
सायलीताई, गंजायची धास्ती आधी सोडा. टायटॅनियम काय किंवा इम्प्लांटचं 316एल स्टील काय, आयुष्यभर आत राहिलं तरी चालतं. हाड जुळलेल्या मोठ्या माणसाला त्रास नसेल तर धातू काढायलाच हवा असं नाही. मुलांचं गणित वेगळं. त्यांचं हाड वाढत जातं आणि धातू आत गाडला जातो, म्हणून त्यांच्या हाडात घातलेल्या लवचिक सळ्या (नेल) साधारण 6 ते 12 महिन्यांत काढतात.

भावाच्या दोन तक्रारी एकत्र करू नका. घोट्याच्या बाहेर कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच. बोटाला स्क्रूचं डोकं लागतं आणि नेमकं तिथेच दुखतं, असं असेल तर कारण प्लेटच. ती काढून आराम पडण्याची शक्यता चांगली.

गुडघ्याचं तसं नाही. रॉड घालताना वाटीखालचा कंडरा चिरून किंवा बाजूला सारून वाट केलेली असते. दुखणं त्या व्रणातून येऊ शकतं, कंडऱ्यामागच्या चरबीच्या गादीतून येऊ शकतं, किंवा मांडीचा स्नायू अशक्त राहिल्यानेही. बाजूने काढलेल्या एक्स-रेत रॉडचं वरचं टोक हाडाबाहेर डोकावतंय का ते बघा. डोकावत असेल तर काढण्यात अर्थ आहे. आत असेल तर आधी तीन महिने मांडीचे व्यायाम नेमाने करू द्या. रॉड काढूनही काहींचा गुडघा तसाच दुखत राहतो, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी त्याला माहीत हवं.

मोडलेल्या जागी दाबल्यावर किंवा वजन टाकल्यावर दुखत असेल, तर हाड पुरतं जुळलंय का ते आधी. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन एक्स-रेत मिळून नडगीच्या चार कडा दिसतात, त्यातल्या निदान तीन सांधलेल्या हव्यात. शंका राहिली तर सीटी स्कॅन. व्रणातून पाणी किंवा पू येत असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवून लगेच दाखवा, आणि परस्पर अँटिबायोटिक सुरू करू नका. पुवातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, कल्चरमध्ये, ते सापडत नाहीत मग.

ओटी_ट्रॉली:
प्लेट काढणं म्हणजे चार स्क्रू उलटे फिरवणं, असं बरेच जण धरून चालतात. टायटॅनियमचा लॉकिंग स्क्रू प्लेटच्या आट्यांत जाम होतो, जोर लावला की डोक्यातली खाच झिजून गोल होते आणि स्क्रूड्रायव्हर नुसता फिरतो. मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लागतो, त्यानेही जमलं नाही तर कार्बाइड ड्रिलने डोकं उडवावं लागतं. हा सेट टेबलावर आहे ना, एवढं सर्जनना आधी विचारा. तिथल्या कातडीखालून जाणारी नस दुखावली तर पायाचा वरचा भाग बधिर होतो, तेही विचारून घ्या.

रॉडला त्याच सिस्टीमचा एक्स्ट्रॅक्शन बोल्ट, म्हणजे रॉड धरून बाहेर ओढायचा बोल्ट, लागतो. वरच्या टोकातल्या आट्या प्रत्येक कंपनीच्या निराळ्या. टोकावर चढलेलं हाड सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) साफ करायचं, एंड कॅप म्हणजे रॉडच्या तोंडावरचं झाकण काढायचं, बोल्ट घट्ट बसवायचा, आणि तोवर निदान एक लॉकिंग स्क्रू जागेवर ठेवायचा. नाहीतर बोल्ट पिळताना रॉडच गोल फिरतो.

म्हणून जुन्या ऑपरेशनची नोंद आणि इम्प्लांटचे स्टिकर आत्ताच मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार मागणीनंतर 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात, पण जपून ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून फक्त 3 वर्षांचं. 22 महिने गेलेच आहेत.

सायली_प:
स्टिकर मिळाले. रॉडचं टोक हाडाच्या आत आहे, दोन्ही हाडं जुळलीत. तरी एकाच भुलीत दोन्ही काढलेलं बरं नाही का? आणि पुढे एमआरआय लागला तर?

पाऊलवाट:
मोह समजतो, पण आत बुडालेला रॉड काढायला चांगलं हाड खणावं लागेल, तेही गुडघा बरा होईल याची खात्री नसताना. माझ्या मते प्लेट तेवढी काढा. एमआरआय टायटॅनियम असताना होतो. तंत्रज्ञाला आधी सांगायचं आणि स्टिकर दाखवायचे. धातूजवळचं चित्र मात्र धूसर येतं.

टाके 12 ते 14 दिवसांनी निघतात. सोसेल तितकं वजन टाकून चालणं बहुधा दुसऱ्या दिवसापासून. पण चालता येतंय म्हणून धावायचं नाही. स्क्रूची भोकं भरायला महिने लागतात आणि पाय मुरगळला तर हाड त्याच भोकातून मोडू शकतं. निदान 6 आठवडे उड्या, पळणं बंद. फुटबॉल, कबड्डी 3 महिन्यांनंतर. उजवा पाय म्हणजे मोटारसायकलचा मागचा ब्रेक आणि कारचे ब्रेक-अॅक्सिलरेटर, तेव्हा पूर्ण जोराने पाय दाबता येईपर्यंत गाडी नको.

गुडघ्यासाठी खुर्चीत बसून पाय सरळ ताणून 5 सेकंद धरायचा, 10 वेळा, असे 3 फेरे, रोज. मग भिंतीला पाठ टेकून अर्धवट बैठका. गुडघा टेकावाच लागला तर खाली सतरंजीची जाड घडी, आणि घडीत वाटीखालच्या व्रणापुरता खळगा ठेवायचा.