गोव्यात गरवायला (गरीने, म्हणजे गळाने मासे धरायला) परवाना लागावा का? लागलाच तर सूट कोणाला?

मांडवीकाठ:
भाचा सुट्टीत पुण्याहून आलाय. रायबंदरच्या बांधावर त्याला घेऊन गेलो तर गरीला सुंगट (कोळंबी) लावता लावता विचारतो, "मामा, ह्याला लायसन लागतं का रे?" मी पटकन नाही म्हणालो. नंतर वाटलं, हा प्रश्न आपण सगळ्यांनीच कधीतरी नीट बोलून घ्यायला हवा.

आपल्याकडचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1980 चा. तो बघतो होडीकडे, ट्रॉलरकडे, जाळ्याकडे. होडीची नोंदणी, तिचा परवाना, जाळ्याचा आस (भोक) केवढा, किनाऱ्यापासून किती अंतरावर कोणी यायचं. काठावर बसून हौसेने गरी टाकणारा माणूस त्याच्या नजरेसमोर नव्हताच. तेव्हा हौशी म्हणजे चार पोरं आणि दोन निवृत्त मास्तर. आज पर्यटकांना "फिशिंग ट्रिप" म्हणून नेणाऱ्या होड्या आहेत, एकेका होडीत सहा-सहा रॉड.

माझं मत: होडीतून हौसेने मासे धरणाऱ्याला परवाना हवा आणि पैसे घेऊन इतरांना गरवायला नेणाऱ्याला तर हवाच. काठावरून गरवणाऱ्याला पूर्ण सूट, मग तो गोव्याचा असो की बाहेरचा. मुलांना कुठेही सूट. खारवी, गाबित हे मच्छीमार आणि किनाऱ्यावरून रापण (मोठं जाळं) ओढणारे रापणकार यांचा ह्यात संबंधच येत नाही, त्यांचं ते पोट आहे.

पागेरवाला:
पूर्ण विरोध. पहिल्या वर्षी होडीवाल्याला, तिसऱ्या वर्षी बांधावरच्या म्हाताऱ्याला. कागद एकदा सुरू झाला की खाली उतरतोच. माझे वडील पंचाहत्तर वर्षांचे, रोज भरतीच्या वेळेला दोरी आणि गरी घेऊन जातात. कधी दोन काळुंद्रां (लहान मासे) मिळतात, कधी हात हलवत परत. ह्या माणसाने फोटो आणि झेरॉक्स घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या?

आणि 1980 च्या कायद्याचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. तो कायदा फुकट मिळालेला नाही. माथानी साल्ढाणांच्या पुढारपणाखाली रापणकार रस्त्यावर उतरले तेव्हा मिळाला. किनाऱ्यापासून पाच किलोमीटर ट्रॉलरला बंदी, हे त्या लढ्याचं फळ. ट्रॉलरकडे परवाना असतोच ना? तरी रात्री पाच किलोमीटरच्या आत दिवे दिसतात ते कोणाचे? आधी तिकडे बघा.

मांडवीकाठ:
पागेरवाला बाब, तुमच्या वडलांना मी सूटच म्हणतोय. वाक्य परत वाचा. सूट आज लेखी नसेल तर उद्या कोणीही अधिकारी त्यांना उठवू शकेल. मला ती कागदावर हवी आहे ती त्यांच्यासाठीच.

साळ_ते_सिडनी:
मी मूळची असोळण्याची, सध्या सिडनीत. इथे न्यू साउथ वेल्समध्ये नदी असो की समुद्र, हौशी गरवणाऱ्याला फी भरावी लागते. 18 वर्षांखालची मुलं, पेन्शन सवलतीचं कार्ड असलेले आणि इथले मूळ रहिवासी यांना माफ. जमा झालेला पैसा वेगळ्या निधीत जातो आणि हौशी मासेमारीच्याच कामी लागतो. उलट वेस्टर्न ऑस्ट्रेलियात समुद्रकाठावरून गळ टाकायला परवानाच नाही, इंजिनाच्या होडीतून जायचं तर काढा. म्हणजे मांडवीकाठ म्हणतात ती रेषा एका राज्याने प्रत्यक्षात आखलेली आहे.

पण एक गोष्ट इथे येऊन शिकले. फी माफ म्हणजे नियम माफ नव्हे. माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला फी नाही. तरी मासा गरीवरून काढला की आधी मोजपट्टीवर ठेवतो. लहान असला तर परत पाण्यात. दिवसाला किती मासे न्यायचे तेही ठरलेलं, लहान-थोर सगळ्यांना सारखं.

जुवारीची_लेक:
ह्याच मुद्द्यावर माझा मांडवीकाठना विरोध आहे. काठ आणि होडी ही रेषा माणसांच्या सोयीची आहे, माशांच्या नाही.

चोणक मासा घ्या. तीन-चार वर्षांचा होईपर्यंत तो नर असतो, वाढत गेला की त्याची मादी होते. म्हणजे ज्या मोठ्या चोणकासोबत लोक फोटो काढतात तो बहुधा अंड्यांवरची मादी. आणि ती अंडी घालायला पावसाळ्याच्या तोंडावर नदीच्या मुखाकडे उतरते, नेमकी काठावरच्या गरीच्या टप्प्यात. मागच्या जूनमध्ये जुवारीच्या काठावर एकाने असा चोणक ओढला. तिथेच दगडावर पोट फाडलं. गाबोळीचे दोन पिवळे लांबट लगदे बाहेर आले, माझ्या मनगटापासून कोपरापर्यंतचे. सगळे वाहवा करत होते. मला तिथे उभं राहवलं नाही. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंदरात बांधून ठेवायचे आणि काठावर हे चालू द्यायचं?

हिमाचलात ट्राउटसाठी गळ टाकायचा तर परवाना काढावा लागतो. मत्स्यव्यवसाय हा राज्याच्या यादीतला विषय, गोव्याला कोण अडवतंय? परवाना सगळ्यांना, फी गरिबाला आणि म्हाताऱ्यांना शून्य. निदान किती लोक गरवतात ते तरी कळेल.

केरीकर:
गोंयकाराला सूट, बाहेरच्याला फी. एवढं सोपं आहे. नदी आमची, मासळी आमची, आठवड्याची सुट्टी काढून आलेल्याने कूलर भरून न्यायचा हे चालणार नाही.

मांडवीकाठ:
केरीकर, तेरेखोल नदीच्या अलीकडे आपलं किरणपाणी, पलीकडे महाराष्ट्रातलं आरोंदे. माझी मावशी आरोंद्याला दिलेली. तिचा मुलगा त्याच पाण्यात लहानपणापासून गरवतो, आणि तुमच्या हिशेबात तो बाहेरचा. मधल्या पाण्यात हद्द कुठे मारणार?
कूलरचं म्हणणं मात्र खरं आहे. त्याला उपाय माशांच्या संख्येवर मर्यादा, आधार कार्डावर नव्हे.

चोडणची_सून:
एक कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. परवाना नाही असं आपण म्हणतो, पण खाजनात (बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीत) परवानगीची पद्धत जुनीच आहे. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) मासळीची दरवर्षी पावणी (लिलाव) होते, ज्याने घेतली त्याचा हक्क. मानशीच्या तोंडाशी बाहेरून येऊन गरी टाकणारे त्याला विचारतसुद्धा नाहीत, वर त्याच्याशीच भांडतात. चोणकाची बारकी पिल्लं ह्याच मानशीतून आत येतात आणि खाजनात वाढतात. तेव्हा काठाला सरसकट सूट म्हणताना मानस वगळा. आमच्या चोडणच्या सलीम अली अभयारण्याचा काठही वगळा, तिथे वन्यजीव कायदा लागतो.

मांडवीकाठ:
मानस माझ्या लक्षातच आली नव्हती. मान्य, ती आणि अभयारण्य वगळून. जुवारीची_लेक, तुमचंही अर्धं मान्य: सूट परवान्यापुरती, आकार, संख्या आणि पावसाळ्यातला चोणक हे नियम काठावरही हवेत. परवाना सगळ्यांना, हे मात्र अजून पटत नाही. मोजणी करायची तर बांधावर येऊन बसा आणि मोजा, लोक आनंदाने दाखवतील.

जुवारीची_लेक:
परवाना नसेल तर नियम पोचवणार कोणापर्यंत? ज्याचं नाव-गाव माहीत नाही त्याला सांगणार कसं?

पागेरवाला:
बांधावर फलक लावा, चोणकाचं चित्र काढा, शेजारी पट्टी रंगवा. वाचता न येणाऱ्यालाही कळेल.
गाबोळीचं वाचून वडलांना विचारलं. म्हणाले, पूर्वी जूनमध्ये घरातले म्हातारे मोठ्या चोणकाला गरी घालायला देत नसत. का ते कोणी सांगितलं नव्हतं. यंदा जून-जुलैत आम्ही दोघं फक्त काळुंद्रां आणि शेतकांवर राहणार. परवान्याला माझा विरोध आहे तसाच आहे.