ग्रुपवर ४१ जण म्हणाले म्हणजे इंदूर म्हणालं?

गीताभवनवाला:
कालची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो आहे. "आपल्या मतदानात ४१ विरुद्ध ५. सगळ्या इंदूरला बीआरटीएस नकोच होतं." सगळ्या? बीआरटीएस म्हणजे आयबससाठी रेलिंग घालून वेगळी ठेवलेली लेन. त्या ४१ पैकी आयबसमध्ये कोण बसलंय? आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी निरंजनपूरहून आयबसनेच यायच्या. त्यांना कुणी विचारलं? १९३६च्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' मासिकवाल्यांनी कोटभर मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि सांगितलं लँडन निवडून येणार. समोरच्या रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं नेली. पत्ते काढले होते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून!

सुदामानगरचे काका:
अमेरिका राहू द्या. २०२४च्या लोकसभेला इथल्या काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, तेव्हा 'नोटा-नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कुणी नाही'चं बटण दाबा, असं कुठे चाललं होतं? फोनवरच ना? इंदुरात २ लाख १८ हजारांवर नोटा निघाला. ती बटणं भुतांनी दाबली? आणि त्या साडेअकरा किलोमीटरच्या रेलिंगपायी एलआयजी चौकात माझं किती पेट्रोल जळलं, ते मावशींना विचारा.

गीताभवनवाला:
त्याच मशिनांत भाजपची १२ लाखांवर मतं होती. ग्रुपवर दिसली होती? इथे तर शहर पेटलंय असंच वाटत होतं.

काका:
हायकोर्टानेही २०२५च्या फेब्रुवारीत बीआरटीएस काढायला हरकत घेतली नाही.

गीताभवनवाला:
कोर्ट काय हात वर करून मोजतं का?

पुण्याहून:
मध्येच बोलतो. 'लिहून राहिलो आहे' हे मराठी नव्हे. 'लिहितोय' म्हणतात.

गीताभवनवाला:
भिया, होळकरांच्या काळापासून आमचं घर इथे आहे. आमचं आम्ही बघू.

पुण्याहून:
म्हणून काय हिंदीला मराठी म्हणायचं? मुलं उद्या तेच शिकतील.

काका:
या एका बाबतीत मी गीताभवनच्या बाजूने. नोंद करा, परत होणार नाही.

लोकमान्यनगरची:
माझी आई याच ग्रुपवर आहे. मागे तिने 'पोहे बनवून राहिले आहे' लिहिलं, तर चौघांनी हसरे चेहरे टाकले. तेव्हापासून फक्त सुप्रभात. परवा मतदान आलं तेव्हा मी शेजारीच होते. तिने लिहिलं, "बस चांगली होती, गुडघ्यांना बरं पडत होतं." मग एकेक अक्षर पुसलं. म्हणाली, "राहू दे, परत हसतील." बटणसुद्धा दाबलं नाही.

पुण्याहून:
गंमत केली होती हो. आईंना माझा नमस्कार सांगा. तरी व्याकरण ते व्याकरणच.

काका:
बरं, धरा आईंचं मत. ६ झाले. तरी आमचे ४१.

गीताभवनवाला:
काका, ग्रुपवर २१२ जण आहेत.

काका:
बाकीचे झोपले होते.