कोयनेच्या 1967च्या भूकंपाचे जुने आलेख आता उकरून काढण्यात अर्थ आहे का?

कृष्णाकाठ : 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनानगर कोसळलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. तो धक्का देशोदेशीच्या वेधशाळांतल्या भूकंपमापकांनी कागदावर रेघ ओढून टिपला. ते मूळ कागद मिळवून, नीट स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले करावेत, असं माझं ठाम मत आहे. तीव्रता कुणी 6.3 धरतं, कुणी 6.5. तो एकच धक्का नव्हता, पाठोपाठचे होते, अशी मांडणी 1971 मध्येच झाली. आज संगणकावर लहरी जुळवून ती पुन्हा तपासता येईल.

घाटवाट : तळमळ समजते, पण पटत नाही. एवढ्या हादऱ्यात जवळच्या यंत्राची रेघ कागदाबाहेर जाते. जे उमटलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार? यंत्रातल्या लंबकाचा आवर्तकाल (एका झोक्याला लागणारा वेळ), यंत्र हालचाल किती पट मोठी दाखवायचं, घड्याळ किती चुकत होतं, हे माहीत नसेल तर त्या रेघेवरून गणित मांडता येत नाही. शिवाय खरा वाद धरणामुळे भूकंप झाला का, हा आहे. त्यासाठी 1962 मध्ये पाणी साठायच्या आधीच्या नोंदी लागतात, आणि तेव्हा धरणाजवळ यंत्रच नव्हतं. कोयनेजवळ गोठण्याला भूकंपांच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल भोक पाडलंय, पैसा तिकडे घाला.

कृष्णाकाठ : रेघ बाहेर गेली तरी पहिली हालचाल वर की खाली, हे बहुतेकदा वाचता येतं. ठिकठिकाणच्या अशा नोंदी एकत्र मांडल्या की खडक कोणत्या दिशेनं सरकला ते कळतं. आणि एका जुन्या नोंदीचं मोल बघा : धरणातल्या त्वरणमापकानं, म्हणजे हादऱ्याचा जोर मोजणाऱ्या यंत्रानं, 0.63 जी (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या 0.63 पट) टिपलं, धरणाचं गणित मात्र 0.05 जी धरून केलेलं. काँक्रीटच्या धरणांचा अभ्यास करणारे आजही तीच नोंद वापरतात.

पाटणखोरं : शोधणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. परदेशी याद्यांत हा भूकंप 10 डिसेंबरला सापडेल, कारण ग्रीनिचला तेव्हा रात्रीचे 22:51 झाले होते.

घाटवाट : ती त्वरणमापकाची नोंद कधीच आकड्यांत आलीय, तिच्यासाठी बाकीचे गठ्ठे सोडायची गरज नाही. यंत्राची माहिती शाबूत असलेली दूरची केंद्रं निवडा, तेवढं मान्य. सरसकट नको.

कृष्णाकाठ : सुरुवात त्यांनीच करू, पण बाकीचे कागद तोवर रद्दीत जाता कामा नयेत. 1967 नंतर कोयनेत 6च्या वरचा भूकंप झालेला नाही. गोठण्याचं भोक पुढचे धक्के ऐकेल. 1967च्या त्या मोठ्या धक्क्याच्या लहरी मात्र याच कागदांवर आहेत.