बॅगपस, ब्लू पीटर आणि 'आमच्या वेळी'वाले

खवचट_रेडिंगकर:
काल इथे एका ताईंनी लिहिलं की सत्तरच्या दशकातले बीबीसीचे मुलांचे कार्यक्रम निरागस होते आणि आताची पोरं कचरा बघतात. डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा. अहो, बॅगपस, त्या कापडी मांजराची मालिका, तिचे भाग किती? 13! 1974 ला एकदा केले आणि वर्षानुवर्षं तेच फिरवले. अँडी पँडी, तो बाहुल्यांचा कार्यक्रम, 1950 चा, 26 भाग, 1970 ला रंगीत येईपर्यंत तेच दळण. 1964 पर्यंत चॅनेलच दोन, पोरं जाणार कुठे? इतक्यांदा दाखवला तर हवामानाचा अंदाजपण लाडका होईल.

माईची_लेक:
ती ताई मीच. भाग मोजून प्रेम ठरतं का हो? बॅगपस करणारे पोस्टगेट आणि फर्मिन दोघं इंग्लंडातल्या कँटरबरीजवळच्या एका जुन्या गोठ्यात एकेक फ्रेम हलवून हे करायचे. त्यांच्याच दुसऱ्या मालिकेतले चंद्रासारख्या ग्रहावरचे प्राणी, क्लँगर्स, फर्मिनच्या बायकोने विणलेले. बॅगपस तर नारिंगी व्हायचा होता, कापड रंगवणाऱ्यांनी घोळ घातला म्हणून गुलाबी झाला आणि तसाच ठेवला. आज असं कोण ठेवेल?

टवाळ:
निरागस म्हणे. क्लँगर्सचे संवाद आधी इंग्रजीत लिहायचे आणि मग शिटीवर वाजवायचे, त्यात एक शिवी होती तर बीबीसीने तिलाही हरकत घेतली, जी कुणाला कळणारच नव्हती 😂

स्लाऊची_सून:
निरागस कुणासाठी? आमच्या नवऱ्याचं बालपण इथलं. सासरे आयटीव्ही, म्हणजे जाहिरातींचं खाजगी चॅनेल, लावूच द्यायचे नाहीत, जाहिराती बघून पोरं मागण्या करतात म्हणून, त्यामुळे शाळेत सगळे आयटीव्हीवरच्या मॅगपाय कार्यक्रमाबद्दल बोलायचे आणि हा गप्प. आणि आपल्यासारखं सावळं तोंड स्क्रीनवर शोधावं लागायचं. 1976 ला बीबीसीच्या प्ले स्कूलमधे कृष्णवर्णीय निवेदिका फ्लोएला बेंजामिन आली ते तो अजून सांगतो.

टवाळ:
बीबीसीचा मुलांचा कार्यक्रम ब्लू पीटर विसरलात. 1962 ला कुत्र्याचं पिल्लू एकदाच दाखवलं, ते मेलं, तर गुपचूप तसंच दुसरं आणून ठेवलं. तीच पेट्रा. पुढे तिचा पुतळापण झाला!

माईची_लेक:
मग काय चार वर्षांच्या पोरांना ख्रिसमसला मेलेलं पिल्लू दाखवायचं होतं?

खवचट_रेडिंगकर:
खोटं बोलायचं नव्हतं, एवढंच. माझा पोपट गेला तेव्हा आईने सरळ सांगितलं, रडलो, संपलं.

माईची_लेक:
तुमची आई थोर. सगळ्यांच्या नसतात.

स्लाऊची_सून:
आईवर कशाला जाताय दोघं?

टवाळ:
ब्लू पीटरचं मांजर राहिलंच की. पोरांनी मतं देऊन 'कुकी' नाव निवडलं आणि ठेवलं 'सॉक्स'. त्यानंतर फोनवरच्या स्पर्धेत विजेताच बनावट, स्टुडिओ बघायला आलेल्या मुलीला फोनवर बसवलं. 2007 ला ऑफकॉमने, म्हणजे प्रसारणावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 50,000 पौंड दंड ठोकला. म्हणजे 1962 ची सवय जाता जाईना.

माईची_लेक:
पिल्लाचं दुःख लपवणं आणि फोनचे पैसे घेऊन फसवणं एकच? काहीही!

खवचट_रेडिंगकर:
बरं, हे मान्य, फोनवालं जास्त वाईट. पण 13 भागांचं उत्तर अजून दिलं नाहीत.

माईची_लेक:
दिलं ना. माझी नात यूट्यूबवर एकच गाणं दिवसभर लावते, तिला कुणी दोन चॅनेलमधे कोंडलंय?

टवाळ:
हा बसला. रेडिंगकर, पाणी आणू का?

खवचट_रेडिंगकर:
आणा. पण पेट्राचं मी सोडणार नाही.