कामांची यादी संपतच नाही. आणखी काय करू?

खतावणी (सांगली)
मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या 14 पेढ्यांचे हिशेब एकट्याकडे. दर महिन्याला 7 ला टीडीएस (कापलेला कर) भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरणपत्र), 20 ला 3बी (जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र). यादी तिसाच्या खाली उतरत नाही. दोन ॲप झाली, पहाटे पाचला उठणं झालं. आणखी काय करू?

वारणाकाठ
आणखी काही नको, आधी मोजा. ऑफिस 9 तास उघडं असलं तरी सलग बसून किती वेळ काम होतं, ते आठवडाभर वहीत टिपा. फोन, चहा, 'जरा एवढं बिल बघता का' वजा जाता 4 तास उरले तरी नशीब. यादी मात्र 9 तासांची! मग एका वेळी 3 च कामं हातात. एक हातावेगळं झालं की चौथं. पार्टीच्या (म्हणजे पेढीवाल्याच्या) कागदासाठी अडलेलं काम या तिनात धरू नका. ते वेगळ्या पानावर, पुढे नाव आणि पुन्हा विचारायची तारीख. हे पान नसलं की तिन्ही कामं अडून बसतात नि आपण चौथं, पाचवं उघडत सुटतो.

कृष्णामाई
तीनच घेतली तरी बाकीची 27 दारात उभीच की हो. लिटलचा नियम बघा (1961 मध्ये सिद्ध झालेला): साठलेली कामं भागिले रोज निपटणारी, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी दिवस. 30 साठली, रोज 5 निपटली, तर 6 दिवस. 3 च्या नियमाने तुमचं डोकं शांत राहील, पार्टीचे 6 दिवस तेवढेच. ते घटवायचे तर काही कामं घ्यायचीच नाहीत.

तासगावची
द्राक्षाची विरळणी आठवा. फळछाटणीनंतर आलेले सगळे घड वेलीवर ठेवले तर मणी फुगत नाहीत, साखर भरत नाही. कापलेले घड काही वाईट नसतात. कायद्याच्या तारखांना कात्री नाहीच. पण पार्टीसाठी दर आठवड्याला वेगळी येणेबाकी काढून देणं, जुन्या फाइली पुन्हा लावणं, पेढीवर जाऊन बिलं गोळा करणं, हे छाटा. आणि व्हॉट्सॲपला मिनिटात उत्तर देऊ नका. लोक वही उघडायच्या आधी तुम्हालाच विचारू लागतात. दुपारी 12 आणि संध्याकाळी 5, बास.

खतावणी
पटलं ताई. पण जुन्या पेढीला फोनवर 'नाही' कसं म्हणायचं?

तासगावची
फोनवर नकोच, दादा. 1 तारखेला चौदाही जणांना एकच मेसेज: 'बिलं 5 पर्यंत ऑफिसात पोचवावीत. नंतर आलेल्यांमुळे उशीर झाल्यास विलंब शुल्क व व्याज पेढीकडे.' जुन्यांनाही तोच.