‘वचनात राहणे’ हे मराठी आहे का?

साखरपेठेची लेक:
आजीच्या शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षण वर्गाच्या, वह्या टाइप करून छोटी पुस्तिका काढतोय. मुद्रितशोधन ज्यांच्याकडे दिलं त्यांनी एका ठिकाणी लाल रेघ मारली. मूळ ओळ बायबलातल्या योहान 8:31 ची: ‘तुम्ही माझ्या वचनात राहिलात तर खरोखर माझे शिष्य आहात.’ त्यांनी ‘वचन पाळलेत तर’ केलं आणि समासात लिहिलं, ‘वचन देतात, पाळतात, मोडतात. वचनात राहत नाहीत.’ आई ऐकायला तयार नाही. म्हणते, शास्त्राच्या ओळीला हात लावायचा नाही. ओळ बदलणार नाहीच, पण तिच्याखाली आजीने लिहिलंय: ‘वचन वाचून उठायचं नाही, त्यात राहायचं. घरात राहतो तसं.’ आमच्या चर्चच्या मंडळीबाहेरच्या वाचकाला हे कळेल का? सोलापुरात आम्ही लहानपणापासून असंच बोलतो, त्यामुळे मला खटकतच नाही.

मूळधातू:
ताई, शोधकांची बाजू अगदीच चुकीची नाही. प्रमाण मराठीत वचन म्हणजे आधी कबुली, आश्वासन. ‘बापाच्या शब्दाबाहेर नाही’, ‘शब्दाला जागला’ हे आपलं. ‘वचनात राहणे’ हे मिशनऱ्यांच्या भाषांतरातून आलेलं वळण वाटतं. ‘माझ्या शिकवणुकीला धरून राहिलात’ म्हटलं तर कुणालाही कळेल.

साखरपेठेची लेक:
‘धरून राहणे’ छान आहे. पण धरलेलं सुटतं. आजीला आत असणं म्हणायचं होतं.

जुना मागवाला:
आमचं घर तेलुगू, मराठी शाळेतली, त्यामुळे व्याकरण तुम्ही बघा. मला ‘राहणे’वर बोलायचंय. वडील माग शिकले तेव्हा पहिले कित्येक महिने मागावर बसलेच नाहीत. कांड्या भरायच्या, तुटलेला धागा शोधून गाठ मारायची, धोटा अडकला तर उस्तादाच्या आधी उठायचं. गाठ अशी मारायची की कापडावर बोट फिरवलं तरी लागू नये. कुणी ‘आता धडा पहिला’ म्हणून शिकवलं नाही. पुढे दुसऱ्या कारखान्यात गेले तर पहिला प्रश्न काय? ‘कुणाकडे शिकलास?’ असं नाही विचारलं. ‘कुणाकडे राहिलास?’ असं विचारलं. पहिलवानाला तालमीत हेच विचारतात, ‘कुणाकडे होतास?’ म्हणजे शिकण्याला राहणं म्हणायची रीत आपल्याकडे आहेच की वो. भाषांतरातून कशाला यायला पाहिजे?

साखरपेठेची लेक:
काका, हे मी आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

ग्रीक शिकतोय:
मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘मेनो’ हे क्रियापद आहे, म्हणजे राहणे, मुक्कामी असणे. द्राक्षवेलीच्या 15 व्या अध्यायात ‘माझ्यामध्ये राहा’ म्हटलंय तिथेही तेच. म्हणजे ‘राहिलात’ हा शब्दशः बरोबर अनुवाद आहे. ‘पाळलेत’ केलं की वेल आणि फांदीशी असलेला धागा तुटतो. शिष्याला तिथे ‘मथेतेस’ म्हटलंय, ‘मंथानो’ म्हणजे शिकणे यावरून. म्हणून शिष्य म्हणजे शिकणारा.

मूळधातू:
ग्रीकमध्ये असेल. संस्कृतात शिष्य आला ‘शास्’ धातूवरून. ज्याला उपदेश करायचा, वळण लावायचं तो शिष्य. ‘शास्त्र’, ‘शासन’ त्याच धातूचे. शिक्षण वेगळं: ‘शिक्ष्’ हे ‘शक्’चं इच्छार्थक रूप असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, म्हणजे समर्थ व्हायची इच्छा. शिष्य-शिक्षण एकाच मुळाचे म्हणून लोक सर्रास सांगतात, ते टाळावं.

ग्रीक शिकतोय:
मग ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे आपलं बायबल, आणि ‘शिष्य’ हे सख्खे भाऊच झाले! ही गोष्ट ग्रीकमध्ये नाही, आपल्या भाषेत आहे.

कन्नड माहेर:
मी लिंगायत घरातली. आमच्याकडे वचन म्हटलं की शरणांचं, म्हणजे लिंगायत संतांचं. सिद्धरामेश्वरांच्या वचनात ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही मुद्रा, म्हणजे रचनेतली त्यांची खूण, आली की आजोबा हात जोडायचे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत रोज एक म्हणायचे. त्यामुळे ‘वचन म्हणजे आश्वासनच’ हे सोलापुरात तरी कुणी सांगू नये. या गावात वचन वाचतात, पाठ करतात आणि त्यावर जगतात, बाराव्या शतकातल्या शरणांपासून.

मूळधातू:
मान्य, पण तो कन्नड अर्थ झाला.

कन्नड माहेर:
सोलापूरच्या मराठीतून कन्नड वेगळी काढून दाखवा, मग बोलू.

चंद्रभागा:
मला वाटतं ख्रिस्ती वचन हिंदीतून आलं. योहानाची पहिली ओळ हिंदीत ‘आदि में वचन था’ आहे, मराठीत ‘प्रारंभी शब्द होता’.

ग्रीक शिकतोय:
दोन्हीकडे मूळ ग्रीक शब्द ‘लोगोस’च. मराठीत 1:1 ला शब्द आणि 8:31 ला वचन. पण स्तोत्र 119 मध्ये ‘तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे’ हे मराठीतच आहे. हिंदीवर ढकलता येणार नाही.

चंद्रभागा:
बरं. पण ख्रिस्ती मित्र ‘योहान तीन, सोळावी ओवी’ म्हणतो ते? ओवी साडेतीन चरणांची. गद्य वाक्याला ओवी म्हणणं आम्हा माळकऱ्यांना टोचतं.

साखरपेठेची लेक:
आमचे जुने लोक म्हणतात ओवी. त्यात मान आहे, अतिक्रमण नाही.

ग्रीक शिकतोय:
फादर थॉमस स्टीफन्सनी 1616 मध्ये ख्रिस्तपुराण छापलं तेच ओवीत. नव्या करारातल्या वाक्यांना आज चालतात ते आकडे त्याआधी 1551 मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. ते आकडे नुसते खुणेचे. त्यांना काय म्हणायचं ते ज्याच्या त्याच्या घरानं ठरवलं.

चंद्रभागा:
खुणेला ओवी म्हणू नका एवढंच म्हणणं आहे. ज्ञानेश्वरीची ओवी म्हणताना जीभ कुठे थांबते ते ठरलेलं असतं.

जुना मागवाला:
ताईंचा प्रश्न राहिला बाजूला. पुस्तिकेचं काय ठरलं?

साखरपेठेची लेक:
अजून शोधकांना उत्तर दिलेलं नाही, काका. काल आजीचं बायबल काढलं. त्या ओळीत ‘राहिलात’खाली पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत. ‘वचनात’खाली एकही नाही.

चंद्रभागा:
ताई, त्याच पानावर कुठे ‘ओवी’ लिहिलंय का तेवढं बघाल?