स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर त्या बाजूच्या हाताने वजन उचलण्याबद्दल

स्तनाच्या कॅन्सरचं ‘ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने जन्मभर जड उचलू नये’ असं लिहिलेलं वाचलं, ते मला पटत नाही. सुरुवातीचे काही आठवडे जपायला हवंच, पण जन्मभर? काखेतल्या लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्यावर हात सुजण्याची भीती खरी आहे. ही सूज, म्हणजे लिम्फेडेमा, एकदा जडला की सहसा पुरता जात नाही. पण २००९ साली अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ यांच्या गटाने आधीच हात सुजलेल्या १४१ बायकांची चाचणी घेतली. निम्म्या जणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली, अगदी हलक्यापासून सुरुवात करून, प्रशिक्षकाकडून शिकून, हातावर दाब देणारी घट्ट बाही चढवून. सूज वाढण्याचं प्रमाण न उचलणाऱ्यांइतकंच राहिलं. उलट ती मध्येच बळावण्याचा त्रास त्यांच्यात १४ टक्के जणींना झाला, न उचलणाऱ्यांत २९ टक्के. ताकद वाढली ती वेगळीच.

माझ्या मावशीला सूजेपेक्षा जास्त छळलं ते परावलंबनाने. हात जपता जपता खांदा आखडला, केसही दुसऱ्याने विंचरायचे. फिजिओथेरपिस्टकडे जायला लागल्यावर ते सुटलं. आणि पायांचे व्यायामही सांगायला हवेत, केमोत मांड्यांचं बळही ओसरतं.